रोज पुसूनही तेच मेल का येतात? इनबॉक्स गाळायला शिकूया

"पुता, हांव रोज काडटां, हे रोज येतात," म्हणजे मी रोज काढते आणि हे रोज येतात, असं म्हणत काकींनी फोन माझ्यासमोर धरला. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात त्यांचं जुनं घर आहे, मागच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. इनबॉक्समध्ये न वाचलेले चार हजारांवर मेल साचले होते. कर्जाच्या ऑफर, साड्यांचे सेल, कॅसिनोच्या पासची जाहिरात, 'तुमचं पार्सल अडकलंय', 'जहाजावर नोकरी, पगार डॉलरमध्ये'. दुपारी जेवणं आटोपली की सोप्यावर बसून त्या एकेक मेल दाबून पुसायच्या. पाऊण तास त्यात जायचा.

मी आधी त्यांचं स्पॅम फोल्डर उघडलं, म्हणजे जीमेलला नकोसे वाटलेले मेल जिथे जातात ती जागा. ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यात पुण्याच्या एका कुटुंबाची विचारणा पडून होती: चवथीनंतरच्या आठवड्यात दोन्ही खोल्या पाच दिवसांसाठी मिळतील का? मेल येऊन २६ दिवस झाले होते. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकतं. आणखी चार दिवस गेले असते, तर असा मेल आला होता हेसुद्धा काकींना कळलं नसतं.

नको ते मेल डोक्याला ताप देतात हे खरंच, पण माझी खरी काळजी वेगळी आहे. त्या गर्दीत हवा असलेला मेल हरवतो. म्हणून हा लेख पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी. बहुतेकांकडे जीमेल असतं, म्हणून बटणांची नावं जीमेलची देतो. आउटलुकमध्ये स्पॅमला 'जंक' म्हणतात, बाकी रीत साधारण सारखीच.

आधी हे समजून घ्या: डिलीट म्हणजे तक्रार नव्हे

काकींची चूक एवढीच, की त्या पुसत होत्या, पण सांगत नव्हत्या. डिलीट केलेला मेल कचऱ्यात जातो. तो का टाकला, हे जीमेलला त्यावरून कळत नाही. तुम्ही वाचून झालेला कामाचा मेलही डिलीटच करता ना? मग यंत्राने फरक कशावरून ओळखायचा? 'रिपोर्ट स्पॅम' दाबलं, की हा मेल नको होता, ही गोष्ट त्याला कळते. पाठवणारा कोण, मजकूर कसला, लिंक कुठल्या, याची नोंद होते आणि तसे पुढचे मेल बाहेरच अडवायला मदत होते.

हा त्रास इंटरनेटपेक्षाही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसाने आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना एकाच वेळी आपल्या मालाची जाहिरात पाठवली. हाच पहिला स्पॅम मेल मानला जातो. तेव्हाही लोक चिडले होते. आज गूगलच्या सांगण्याप्रमाणे जीमेल रोज जवळपास १५ अब्ज नको असलेले मेल दारातच थोपवतं, म्हणजे ९९.९ टक्क्यांहून जास्त. आपल्यापर्यंत पोहोचतात ते या चाळणीतून निसटलेले. त्यांच्यासाठी आपली स्वतःची चाळणी लावायची आहे.

मेल हातात घेतला की आधी जात ओळखा

सगळे नकोसे मेल एका जातीचे नसतात. सगळ्यांना एकच बटण दाबलं की गोंधळ होतो.

पहिले दुकानदार. तुम्ही कधीतरी पणजीच्या दुकानात बिल करताना किंवा ऑनलाइन काही मागवताना स्वतःहून पत्ता दिलेला असतो. हे मेल कंटाळवाणे असतात, पण चोरटे नसतात. मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'अनसबस्क्राइब', म्हणजे यादीतून नाव काढा, असं दिसतं, ते दाबा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर नियम घातले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल धाडणाऱ्याने जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ती विनंती पाळायची. नावाजलेली दुकानं ते पाळतात. आठवडा उलटूनही मेल येत राहिले, तर मात्र खुशाल रिपोर्ट करा.

दुसरे चोर. बँकेच्या, वीज खात्याच्या, आयकराच्या, कुरिअरच्या नावाने येतात. यांच्या मेलच्या तळाशीही कधीकधी 'अनसबस्क्राइब' लिहिलेलं असतं. ते चुकूनही दाबू नका. दाबलंत की इतकंच सिद्ध होतं, की हा पत्ता जिवंत आहे आणि इथला माणूस मेल उघडतो, लिंकही दाबतो. असा पत्ता पुढे विकला जातो. यांना फक्त 'रिपोर्ट स्पॅम'. संगणकावर मेलच्या वर अष्टकोनात उद्गारचिन्ह असलेलं बटण आहे तेच. फोनवर मेल उघडून उजवीकडे वरच्या तीन टिंबांत ते सापडेल. कधीकधी जीमेल विचारतं, रिपोर्टबरोबर अनसबस्क्राइबही करू का? चोराच्या बाबतीत फक्त रिपोर्ट निवडा. संगणकावर उत्तराच्या बाणाशेजारच्या तीन टिंबांत 'रिपोर्ट फिशिंग' असतं. पासवर्ड किंवा पैसे उकळायला आलेल्या मेलसाठी ते वापरा.

तिसरे ओळखीचे, पण अती बोलके. मुलांच्या शाळेचा मेल, सोसायटीचा, देवस्थानच्या समितीचा, नातलगांनी रोज पाठवलेले सुविचार. यांना स्पॅम म्हणून रिपोर्ट करू नका. आज रागाने रिपोर्ट कराल आणि उद्या शाळेचा महत्त्वाचा मेल गुपचूप स्पॅममध्ये जाऊन बसेल. यांच्यासाठी फिल्टर आहे.

'ब्लॉक' हे बटणही दिसेल. ब्लॉक केलेल्या पत्त्याचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जातात. एखादा ठरावीक माणूस त्रास देत असेल तर उपयोगी. चोरांवर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ते दर वेळी पत्ता बदलून येतात.

साचलेला ढीग एका बैठकीत उपसा

या कामाला संगणक घ्या. घरी नसेल तर भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा तासभर मागून घ्या, पण काम झाल्यावर साइन आउट करायला विसरू नका. डावीकडच्या यादीत 'मोर' दाबलं की 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' येतं. जुलै २०२५ पासून गूगलने ही सोय द्यायला सुरुवात केली. कुठल्या दुकानाचे सर्वात जास्त मेल येतात ते एकाखाली एक दिसतं आणि तिथूनच नाव कमी करता येतं. काकींच्या यादीत पहिल्या नंबरवर एक साडीचं दुकान होतं. तिथून त्यांनी एकदाच भाचीच्या लग्नाला खरेदी केली होती, त्याला सहा वर्षं झाली.

मग जुने मेल. 'प्रमोशन्स' टॅब उघडा आणि यादीच्या वरची चौकट टिचका. एका पानावरचे साधारण ५० मेल निवडले जातात आणि वर एक ओळ येते: या टॅबमधले सगळेच निवडायचे का? हो म्हणा, आणि डिलीट. तिथे काही कामाचं अडकलंय का, हे आधी पाच मिनिटं चाळून बघा. तिकिटं, विम्याची पावती, गॅरंटीचं बिल अशा गोष्टी कधीकधी तिथेच पडलेल्या असतात.

जागेसाठीही हे करावं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. ती भरलेली राहिली की नवे मेल येणंच थांबतं, पाठवणाऱ्याचा मेल त्याच्याकडेच परत जातो.

आता फिल्टर: खरी चाळणी ही

हा भाग घाई न करता वाचा. फिल्टर म्हणजे जीमेलला आपण घालून दिलेला नियम: असा मेल आला की असं करायचं. एकदा लावला की तो रात्रंदिवस काम करतो. मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही, संगणकावरच्या ब्राउझरमध्येच करावा लागतो. तयार झाला की फोनवरही लागू होतो.

वरच्या शोधाच्या पट्टीच्या उजव्या टोकाला दोन-तीन आडव्या रेघांचं चिन्ह आहे, ते दाबा. एक चौकोन उघडतो. 'फ्रॉम'मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता, 'सब्जेक्ट'मध्ये विषय, 'हॅज द वर्ड्स'मध्ये मेलमध्ये असायलाच हवा असा शब्द, 'डझन्ट हॅव'मध्ये नसायला हवा असा शब्द. हवं ते भरून आधी 'सर्च' दाबून बघा. नियमात कुठले मेल सापडतात ते समोर येतं. माझ्या मते ही पायरी कोणीही गाळू नये. एकदा मी 'ऑफर' हा एकच शब्द घालून डिलीटचा फिल्टर लावला होता. ओळखीच्या एका मुलाचं नोकरीचं ऑफर लेटर माझ्या पत्त्यावर यायचं होतं, ते सरळ कचऱ्यात गेलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा कचरा उपसून काढलं. तेव्हापासून एका शब्दावर मी कधी डिलीट लावत नाही.

शोध बरोबर वाटला की पुन्हा तो चौकोन उघडून 'क्रिएट फिल्टर' दाबा. आता काय करायचं याची यादी येते. नवख्या माणसाने चारच गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

'स्किप द इनबॉक्स': मेल येईल, पण इनबॉक्समध्ये दिसणार नाही. अती बोलक्यांसाठी हेच.
'अप्लाय द लेबल': मेलवर चिठ्ठी लावून तो एका ठिकाणी गोळा करायचा.
'डिलीट इट': नक्की खात्री असेल तरच.
'नेव्हर सेंड इट टू स्पॅम': हा मेल काही झालं तरी स्पॅममध्ये टाकायचा नाही.

शेवटी 'ऑल्सो अप्लाय'ची खूण केलीत, तर आधीच आलेल्या मेललाही तोच नियम लागतो.

काकींच्या मेलमध्ये आम्ही पहिला फिल्टर लावला तो काही अडवण्यासाठी नव्हता. नवीन शिकणाऱ्याला मी हेच सांगतो: आधी हवं ते वाचवा, नको ते नंतर. खोल्यांचं बुकिंग ज्या दोन संकेतस्थळांवरून येतं, त्यांचे पूर्ण पत्ते 'फ्रॉम'मध्ये घातले, मधे मोठ्या अक्षरांत इंग्रजी ओआर (OR), म्हणजे 'किंवा'. त्यावर 'पाहुणे' असं लेबल आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'. थेट लिहिणाऱ्या लोकांचा पत्ता आधी माहीत नसतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा फिल्टर: विषयात 'रूम', 'बुकिंग' किंवा 'होमस्टे' असेल तर 'पाहुणे' लेबल. मात्र याला 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' लावलं नाही. नुसत्या शब्दावर दार उघडं ठेवलं तर तेच शब्द वापरून चोर आत येईल. ती सूट ठरावीक, पारखलेल्या पत्त्यालाच द्यावी.

मग गाळणी. भाच्याचे सुविचार 'सवडीने' या लेबलखाली, इनबॉक्स चुकवून. मेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' हा शब्द असलेले मेल 'जाहिराती' लेबलखाली, इनबॉक्स चुकवून. जाहिरातीच्या बहुतेक मेलमध्ये तो शब्द असतोच, म्हणून हा एक फिल्टर पन्नास फिल्टरांचं काम करतो. बँक, वीजबिल आणि बुकिंगच्या संकेतस्थळांचे पत्ते मात्र या नियमातून वगळायला हवेत, त्यांच्याही मेलमध्ये तो शब्द असू शकतो. तेवढं केल्यावर काकींचा इनबॉक्स पहिल्यांदा एका पडद्यावर मावला.

चोराचा पत्ता पोस्टमनसारखा वाचा

चाळणीतून निसटलेला मेल डोळ्यांनीच ओळखावा लागतो. पाठवणाऱ्याचं नाव कोणालाही हवं ते लिहिता येतं. नावाखाली लपलेला पत्ता बघा. फोनवर नावाजवळचा छोटा बाण दाबला की तो दिसतो. आणि तो वाचायचा कसा? पोस्टमन पाकीट हातात घेतो, तेव्हा आधी पिनकोड बघतो, ४०३४०१ म्हणजे फोंडा, मग वाडा, मग घर. मेलचा पत्ताही तसाच उजवीकडून वाचा. 'अ‍ॅट'च्या पुढचे शेवटचे दोन-तीन तुकडे म्हणजे खरा मालक. डावीकडे बँकेचं नाव कितीही ठसठशीत असो, उजवीकडे भलतंच काही असेल तर ते पत्र बँकेचं नाही.

लिंकलाही हाच नियम. संगणकावर माउस नुसता वर नेला, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंक न दाबता बोट दाबून धरा. बँकांच्या बाबतीत एक सोपी खूण आता मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. म्हणून बँकेच्या नावाने दुसऱ्याच कुठल्या शेपटीची लिंक आली, तर दाबू नका. ॲप उघडा किंवा पासबुक घेऊन शाखेत जा. आयकराच्या परताव्याचा मेल आला तर त्यातल्या लिंकवरून जायचं नाही, सरकारी पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करायचं.

गोव्यात एक सापळा फार जुन्या वाटेवर लावला जातो: जहाजावरची किंवा गल्फमधली नोकरी. आपल्याकडे घरटी कोणीतरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असतो, त्यामुळे असा मेल लगेच खरा वाटतो. कंपनीचं नाव खरं असतं, लोगो खरा असतो, फक्त पत्ता फुकटच्या मेलचा असतो आणि 'व्हिसा फी' किंवा 'मेडिकलची रक्कम' आधी मागितलेली असते. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची मुभा तिला नाही. गल्फसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना तपासता येतो. घरातल्या तरुण मुलांना हे दोन तपास आवर्जून दाखवा. दागिने गहाण ठेवून असे पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत.

दोन धोक्याच्या खुणा

एका तासात अचानक शेकडो 'आपलं स्वागत आहे' छापाचे मेल आले, तर ते पुसत बसू नका. आधी बँकेचा व्यवहार तपासा. कोणीतरी तुमचा पत्ता घेऊन ढिगाने नोंदण्या करतो, म्हणजे पैसे काढल्याचा किंवा पासवर्ड बदलल्याचा एक खरा मेल त्या पुरात दिसू नये. पैसे गेलेले आढळले तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरं, सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन भाग एकदा उघडून बघाच. खात्यात घुसलेला माणूस कधीकधी तिथे स्वतःचा फिल्टर लावून ठेवतो, बँकेचे मेल त्याच्याकडे जातात आणि तुमच्याकडे पुसले जातात. न ओळखीचं काही दिसलं तर काढा, लगेच पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा.

पत्ता पुन्हा गावभर फिरू नये म्हणून एक युक्ती: जीमेलच्या पत्त्यात 'अ‍ॅट'च्या आधी अधिकाचं चिन्ह घालून कुठलाही शब्द जोडता येतो. मेल तुमच्याकडेच येतो. साडीच्या दुकानाला 'अधिक साडी' जोडलेला पत्ता द्या. उद्या त्याच पत्त्यावर कर्जाची ऑफर आली, तर पत्ता कुठून बाहेर पडला ते कळतं आणि त्या एका पत्त्यावर फिल्टर लावता येतो. काही संकेतस्थळं ते चिन्ह घेत नाहीत आणि हुशार चोर ते काढूनही टाकतात, तरी दुकानांसाठी चांगलं चालतं.

आठवड्याला दहा मिनिटं

स्पॅम फोल्डर दर आठवड्याला एकदा उघडा. ३० दिवसांत चार फेऱ्या होतात, म्हणजे चुकून गेलेलं पत्र सापडायला चार संधी. हवा तो मेल दिसला की 'नॉट स्पॅम' दाबा. तोही एक धडाच असतो, रिपोर्टइतकाच महत्त्वाचा. तिथल्या बाकी कुठल्याच मेलमधली लिंक दाबू नका.

काकींनी रविवार ठरवला आहे, सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घेऊन चहा झाला की. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा 'पाहुणे' लेबलखाली तीन नवे मेल होते, आणि त्यातला एक त्यांनी स्वतः स्पॅममधून उचलून तिथे आणला होता.